पाळण्याखालचा माळढोक

सोलापूरला फिरायला चालले आहे असं सांगितल्यावर आमच्या नाशिकच्या शेजारणीने काळजीने विचारलं, "कुणी आजारी आहे का हो तिकडे?" माझ्या नवऱ्याला, जयंतला, मात्र काही विचारावं लागलं नाही. मी पिशवीत मोजपट्टी, भिंग आणि जुन्या चादरी भरताना त्याने पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "जे आणशील ते आण, फक्त ते आणल्यावर आपल्या दोघांना उभं राहायला जागा उरेल एवढं बघ."

मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. नाद हा जयंतचा शब्द, मी त्याला संग्रह म्हणते. आमच्या घरात शिसवी खुर्च्या आहेत आणि त्यांवर कुणी बसू नये म्हणून हातांना रेशमी दोरी बांधलेली आहे. चिनी मातीच्या मोठाल्या बरण्या आहेत, त्यांत लोणचं घालायची कुणाची छाती नाही. जुने नकाशे आहेत. आणि सगळ्यात लाडकी आहेत ती पक्ष्यांची हाताने रंगवलेली जुनी चित्रं. हॉलची एक अख्खी भिंत त्यांची. तित्तिर, सारस, शिंजीर, खंड्या असे सगळे तिथे आपापल्या चौकटीत बसले आहेत, आणि मधली मोठी जागा गेली कित्येक वर्षं मी मोकळी ठेवली आहे. ती माळढोकाची.

माळढोकाची छापील चित्रं हवी तेवढी मिळतात. मला हवं होतं ते अशा माणसाने काढलेलं, ज्याने तो पक्षी माळावर उभा असलेला स्वतः पाहिला आहे आणि घरी येऊन रंगवला आहे. आता खुद्द पक्षी दिसणंच मुश्किल झालं आहे, तिथे त्याला पाहिलेला चित्रकार कुठे शोधायचा? शोधायचाच तर सोलापूरच्या बाजूला, एवढं मला कळत होतं. म्हणून माघातल्या एका सकाळी शाल पांघरून मी सोलापूर स्टेशनवर उतरले आणि तासाभरातच ती शाल काढून पिशवीत कोंबली. इथलं ऊन माघ-बिघ जुमानत नाही.

सोलापूर

जुन्या बाजारातल्या ज्या दुकानाचा पत्ता मला मिळाला होता, त्यात शिरायचं तर अंग आडवं करावं लागत होतं. पंखे, लोखंडी पेट्या, आरसे गेलेल्या आरशांच्या चौकटी, एक दंतवैद्याची खुर्ची आणि या सगळ्याच्या मधोमध करीमचाचा. पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा, आणि गिऱ्हाईक कुठल्या पाण्यातलं आहे हे नजरेने जोखायची सवय.

त्यांनी आधी मला एक "बहोत पुराना" नकाशा दाखवला. कागद छान पिवळसर तपकिरी होता. मी नाकाजवळ नेला, तर चहाचा वास.

"चाचा, चहात साखर कमी पडली."

चाचा मनापासून हसले. "हौ बाई, तुमे तो पक्के निकले," म्हणाले आणि नकाशा गुंडाळून खाली ठेवला. मग खऱ्या गोष्टी बाहेर यायला लागल्या.

दुसरी गुंडाळी उघडली तो शाळेतला भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा होता, मागे कापड चिकटवलेला. कोकण जागेवर होतं, विदर्भ जागेवर होता, नाशिकही नीट होतं. फक्त सोलापूर नव्हतं. त्या जागी रुपयाएवढं भोक होतं.

"हे काय, सोलापूर उंदरांनी खाल्लं की काय?"

"उंदर नै बाई, बच्चे," चाचा म्हणाले. "गुरुजी पूछते ना, अपना जिल्हा कां है? एकेक बच्चा आके उंगली रखता. रखते रखते घिस गया."

मला तो नकाशा त्याच क्षणी आवडला. बाजाराच्या भाषेत तो खराब माल, पण मी तो बाजूला ठेवायला सांगितला. तेवढ्यात टेबलपंखा डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली सरकवलेल्या एका फळीकडे माझी नजर गेली. तिच्या कडेला गवताची हिरवी पाती दिसत होती. पंखा उचलून फळी ओढली. हाताएवढी लहान फळी, तिच्यावर चोच उघडलेला चंडोल, छाती फुगवून गात असलेला. रंग साइनबोर्डाचे होते, पण पक्षी पुस्तकातून उतरवलेला नव्हता. मानेवरची पिसं वाऱ्याने जशी विस्कटतात तशी विस्कटलेली होती.

खालच्या कोपऱ्यात सही शोधली. सही नव्हती, एक मुंगी होती. मी ती खरी समजून फुंकर मारली. हलली नाही.

"ये भी उसी इस्कूल का भंगार है," चाचा म्हणाले. "बार्शी का."

बार्शी

बार्शीच्या वाटेवर शाळू हुरड्याला आला होता. एसटीच्या खिडकीतून वाराही गारच येत होता. शाळेत जाऊन चंडोलाची फळी दाखवली तर ऑफिसमधल्या वयस्कर क्लार्कने चित्राकडे न बघता आधी कोपऱ्यात पाहिलं. "अहो, हे मुंगीवाले मास्तर! आम्हाला ड्रॉइंगला होते. जाऊन लई वर्षं झाली. त्यांची लेक आहे बघा, कुसुमताई. आडत बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारा."

कुसुमताई सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी बसकण मारलेल्या, पण आवाज खणखणीत. मी कोण, कुठली हे सांगायच्या आत माझ्यासमोर ताट आलं. कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी. आमच्या नाशिककडे शेंगदाण्याची चटणी कोरडी असते, ताटात भुरभुरते. इथली कुटून कुटून तेल सुटलेली, बोटांना चिकटणारी. कडक भाकरी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि मोडताना तिचा एक तुकडा उडून थेट कुसुमताईंच्या देवघरात गेला. "जाऊ द्या, देवालाही हवीच की," त्या म्हणाल्या.

मग त्या वडिलांबद्दल बोलत बसल्या. वडिलांना त्या नाना म्हणायच्या. रविवार आला की नाना सायकल काढून माळावर जात आणि संध्याकाळी पाय धुळीने माखून परत येत. कागदाला कसर लागते म्हणून फळ्यांवर रंगवत. चित्र झालं की जो कुणी दारात येईल त्याला देऊन टाकत. दूधवाल्याकडे होला गेला, डॉक्टरांकडे घार गेली. घरात एकही राहिलं नव्हतं.

"आणि माळढोक?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"एकच काढला त्यांनी. मोठा. पण तो भिंतीवर नाही लावला. वळसंगला माझी गंगाआत्या आहे ना, नानांची बहीण, तिच्या पाळण्याला आहे. खालून."

"खालून म्हणजे?"

"खालून म्हणजे खालून. पाळण्याच्या तळाला, बाहेरच्या अंगाने. आम्ही पोरं त्याच्याखाली लोळायचो." त्या हसल्या. "जायचं तर लगेच जा. आत्याच्या नातवाला, सचिनला, मुलगा झालाय. बारसं दोन-चार दिवसांवर आहे, पाळणा माळ्यावरून खाली काढला असेल. मी काही या गुडघ्यांनी जात नाही. माझा बाळंतविडा तेवढा घेऊन जा."

लोकांच्या बारशाला निमंत्रण नसताना जायचं धाडस मी एरवी केलं नसतं. पण हातात बाळंतविडा आला की माणूस पाहुणा होतो.

वळसंग

सचिन होटगीला रेल्वेत कामाला आहे. कुसुमताईंनी फोन केला होता, त्यामुळे होटगी स्टेशनच्या बाहेर तो मोटरसायकल घेऊन उभाच होता. तिशीचा, शांत, बोलताना मान थोडी खाली घालणारा. मागे बसून मी एका हाताने बाळंतविडा आणि दुसऱ्या हाताने जीव धरला. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला, गाडी थांबली, आणि कळपातल्या एका शेळीने माझ्या पदराचं टोक तोंडात घालून शांतपणे चघळायला सुरुवात केली. "सोडंल आता," सचिन म्हणाला. तिने सोडलं, पण सावकाश.

गंगाआजी दारातच बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, ठेंगण्या, कपाळावर गोंदण. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या बाई. कुसमी न्हाय आली? तिचं गुडघं मेलं. बसा, पानी घ्या."

सोप्यात पाळणा होता. सागवानी, चारी बाजूंनी कातलेल्या दांड्यांचा कठडा, टांगायला पितळी साखळ्या आणि साखळ्यांत मध्ये मध्ये पितळी पोपट. एरवी अशा साखळ्या पाहून मी वेडी झाले असते. पण गावातला मल्लिनाथ सुतार त्या पाळण्यात वाकून कोरी करकरीत नवी फळी बसवत होता, ते पाहून मी जागच्या जागी थिजले.

"जुनी फळी कुठे आहे?"

"कुजली हाय ती," सचिन म्हणाला. "बाळाला कसं घालायचं तिच्यावर?"

"तीन पिढ्या मुतल्यात तिच्यावर, काय ऱ्हातंय?" आजी म्हणाल्या. "ती बघा, बंबापाशी हाय."

न्हाणीच्या दाराशी, बंबात घालायच्या लाकडांजवळ ती उभी होती, चित्र भिंतीकडे करून. एका टोकाला लाकूड काळं पडून भुसभुशीत झालं होतं. मी ती वळवली.

पंख पसरलेला माळढोक. जेमतेम तीन फुटांची फळी आणि तिच्यात तो मावत नव्हता, पंखांची टोकं कडांना जाऊन थांबली होती. पांढरी लांब मान पुढे ताणलेली, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा, पाय मागे सोडलेले. कोपऱ्यात मुंगी. मला खरंच रडू आलं. इतकी वर्षं जे चित्र मी मनात धरून बसले होते ते माझ्या हातात होतं आणि दोन दिवसांनी आले असते तर त्याच्यावर पाणी तापलं असतं.

आजी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माज्या भावानं काडलंय. माजा थोरला आन धाकटा पाठोपाठचे. धाकटा झाला तवा थोरला लई रडायचा. पाळन्यात मलाच घाल म्हनायचा. बाळाला चिमटं काडायचा. दादा बारशाला आला, त्यानं बघितलं. मंग रंग आनून पाळना उलटा केला आन हे पाखरू काडलं. थोरल्याला म्हनला, वरचं बाळाचं, खालचं तुजं. तवापासनं ह्या घरात त्येच हाय. वरचं बाळाचं, खालचं थोरल्याचं."

पक्ष्याच्या भोवती खडूने, पेन्सिलीने, कोळशाने पोरांनी हवं ते गिरगटलं होतं. एक सूर्य, एक झोपडी, निळ्या पेन्सिलीने काढलेलं धूर सोडणारं इंजिन, आणि वाचता न येणारी काही अक्षरं. हे सगळं कापसाने हळूहळू पुसता येईल, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

"आजी, ही फळी मला द्याल?"

"न्या की. जाळनारच व्हते. आता कोन बघतंय खाली झोपून? पोरास्नी मोबाइल हाय."

असं म्हणून त्यांनी कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे भिंतीला टेकून एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. सचिनची मोठी मुलगी, ईश्वरी. हातात आईचा फोन, डोळे त्यातच. आतल्या खोलीतून बाळाचं रडणं आलं तशी तिने फोनचा आवाज वाढवला.

"बाळ आल्यापास्नं कुनाशी बोलत न्हाय," सचिन हळू आवाजात म्हणाला. "आईकडं जात न्हाय, बाळाकडं बघत न्हाय. फोन दिला की तेवडी गप ऱ्हाती."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि पिशवीतल्या चादरीत फळी गुंडाळायला बसले. दोरी बांधत असताना ईश्वरी जवळ येऊन उभी राहिली.

"तुमी नेनार व्हय हे?"

"हो."

ती परत जाऊन कोपऱ्यात बसली. निघताना आजींनी बजावलं, "परवा बारसं हाय, यायचं बरं का. बाळंतविडा देऊन पळून जायचं न्हाय." मी हो म्हटलं. मनात काय होतं ते सांगायचं तर पहिली गाडी पकडून नाशिक गाठायचं होतं.

पुन्हा सोलापूर

लॉजवर आल्याबरोबर जयंतला फोन केला.

"मिळाला!"

"खरं की काय?" त्यालाच माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. "माप सांग, मी आत्ताच भिंतीत खिळा मारून ठेवतो." मागून लगेच हातोडीचा आवाजही आला. मी नको म्हणायच्या आत त्याने काम उरकलं होतं.

खोलीतलं कॅलेंडर काढून मी त्या जागी भिंतीला फळी टेकवून उभी केली आणि लांब जाऊन पाहिलं. काहीतरी चुकत होतं. मान जरा जास्तच लांब वाटत होती, एक पंख दुसऱ्याहून मोठा, पोट फुगीर. चहा घेऊन आलेले लॉजचे मॅनेजर दारातूनच म्हणाले, "बदक हाय का म्याडम?"

मला राग आला. मी भिंग काढलं. पंखांतलं एकेक पीस अचूक होतं, चूक कुठे आहे ते काही सापडत नव्हतं. शेवटी दमून पलंगावर आडवी झाले आणि फळी दोन्ही हातांनी तोंडावर धरली. आणि तो उडाला! लांब वाटणारी मान योग्य झाली, मोठा पंख जवळ आला, फुगीर पोट माझ्या डोळ्यांवरून पुढे सरकलं. मास्तरांनी तो जमिनीवर पडलेल्या मुलाच्या नजरेतून रंगवला होता. फळी जरा झुलवली की पंख हलत होते. माझे हात भरून आले आणि मला ती खाली ठेवावी लागली.

परत द्यायची नव्हती मला ती. अगदी मनापासून सांगते. मी दुसरा दिवसभर स्वतःशी हुज्जत घातली. ती फळी तर जाळणारच होते, मी वाचवली. आजींनी स्वखुशीने दिली. त्या मुलीने तो पक्षी नीट पाहिलेलाही नाही, मग तिचं काय गेलं? मग त्याहून सोयीचा विचार आला. बाजारात साइनबोर्ड रंगवणारे आहेत, त्यांच्याकडून हुबेहूब नक्कल करून घ्यावी. नक्कल पाळण्याला, अस्सल मला. मी चक्क एका रंगाऱ्याच्या दुकानात फळी घेऊन गेले. भला माणूस होता. सगळं पाहून म्हणाला, "पक्षी काढतो मी. पण ही पोरांची गिचमिड? ती पण काढू का तशीच?"

तो सूर्य त्याने काढला असता तर कुणाचा झाला असता? मी फळी उचलली आणि "नको" म्हणून बाहेर पडले. येताना चाटी गल्लीतून बाळासाठी एक मऊ सोलापुरी चादर घेतली आणि माझी जुनी काढून फळी तिच्यात गुंडाळली.

पुन्हा वळसंग

बारशाच्या दिवशी मी बाकीच्या पाहुण्यांच्या आधी पोचले. दाराला तोरण होतं. चुलीवर हुग्गी शिजत होती. खपली गव्हाची ही गूळ घालून केलेली दाट खीर मला तोवर ठाऊक नव्हती, वासानेच भूक लागली. घुगऱ्या मात्र आमच्यासारख्याच, परातभर. नवी फळी बसवलेला पाळणा तुळईला टांगला होता आणि त्याच्या साखळ्यांना झेंडूच्या माळा होत्या.

मी सोप्यात बसून चादर सोडली. आजी जवळ आल्या.

"आगं बया, परत आनली? कीड निगाली व्हय?"

"नाही आजी. तुम्हीच सांगितलंत ना, खालचं थोरल्याचं. या घरात आता थोरली ईश्वरी आहे. ही तिची आहे, मी कशी नेऊ?"

आजी तिथेच जमिनीवर बसल्या. "व्हय की," म्हणाल्या. "म्या इसरलेच. पहिली पोर झाली तवा खाली कोन नव्हतं. आता हाय की थोरली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "बरं केलं बाई तुमी. लई बरं केलं."

सचिन पाहुण्यांसाठी सतरंज्या घेऊन आला होता, तो फळीवर वाकला. निळ्या इंजिनावर बोट ठेवलं. "ह्ये माजं हाय," म्हणाला आणि एकदम लहान मुलासारखा हसला. "माजं इंजन! धाकटीच्या बारशाच्या वक्ताला काडलेलं." रेल्वेत कामाला असलेला तो बाप्या माणूस किती वेळ ते इंजिन बघत बसला होता!

आता प्रश्न ती बसवायचा होता. जुनी फळी वजन पेलणार नाही, हे खरंच होतं. पण तिने वजन का पेलायचं? बाळ नव्या फळीवर झोपेल, जुनी नुसती तिच्याखाली चिकटून राहील. जुन्या पेट्यांच्या तळांना मी अशी दुहेरी फळी पुष्कळदा पाहिली होती. मल्लिनाथ सुतार बारशाला जेवायलाच आला होता. त्याला सांगितलं, त्याला पटलं. "दोन पट्ट्या मारल्या की झालं," म्हणून तो घरून हत्यारांची पिशवी घेऊन आला, तर आजी आडव्या आल्या.

"बारशाच्या दिशी पाळन्याला खिळा? न्हाय. मारायचा न्हाय."

मी तर घाबरलेच, कारण आजींच्या आवाजात तडजोड नव्हती. आमच्याकडेही असले नियम असतात आणि ते का आहेत असं विचारायचं नसतं. मल्लिनाथने डोकं खाजवलं, मग पिशवीतून एक स्क्रू काढून आजींच्या तळहातावर ठेवला.

"आजी, ह्यो बघा. ह्यो खिळा हाय का? ह्याला ठोकत न्हाईत, फिरवत्यात."

आजींनी स्क्रू बोटांत धरून उलटसुलट पाहिला. त्याला आटे होते. "ठोकायचं न्हाय पन," त्या म्हणाल्या. "एक जरी ठोका ऐकू आला तर तुला जेवन न्हाय."

मल्लिनाथने पाळण्याखाली उताणं पडून काम केलं. हातोडी पिशवीतच राहिली. नवी फळी वर, जुनी खाली, दोन बारीक पट्ट्या तिला कडेने धरून.

बायका जमल्या. बाळाची आई, पिवळ्या साडीतली अशक्त हसरी मुलगी, बाळाला घेऊन पाटावर बसली. ईश्वरी आपली कोपऱ्यात, फोनमध्ये डोकं घालून. नवा फ्रॉक घालायलाही ती तयार नव्हती म्हणे.

"ईसे, हिकडं ये," आजींनी हाक मारली. "पाळन्याखाली जा."

"कशाला?"

"जा तर. तुजी जागा हाय ती. तुज्या बापाची व्हती, आता तुजी."

ती फोन घेऊनच खाली गेली, कपाळाला आठ्या घालून. आजींनी पाळण्याला हलकासा झोका दिला. बायका आपसांत बोलायला लागल्या. जरा वेळाने पाळण्याखालून तो फोन घसरत बाहेर आला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला. आत कसलं तरी गाणं चालूच होतं. मी तो उचलून बंद केला.

"अजून हलवा की!" खालून ओरडा आला. "उडायलंय!"

बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली. इकडच्या बाईने बाळ वरून द्यायचं, तिकडच्या बाईने घ्यायचं आणि पाळण्याखालून परत इकडे द्यायचं, ही पद्धत आमच्याकडेही आहे. पण इथे खाली ईश्वरी आडवी पडलेली. बाळ खालून यायला लागलं तसे तिने दोन्ही हात वर केले आणि त्याला मधेच धरलं. आई दचकली, आजींनी तिच्या हातावर हात ठेवला. ईश्वरीने बाळाचं तोंड छताकडे, म्हणजे फळीकडे, केलं. "बघ," म्हणाली. "ह्ये माजं हाय. तू वर जा." आणि मग नीट जपून पलीकडे सोपवलं. बाळाच्या आईने हसत डोळे पुसले.

मला राहवलं नाही. वय अठ्ठावन्न, अंगावर ठेवणीतली साडी, भोवती वळसंगच्या निम्म्या बायका. मी गुडघे टेकून पाळण्याखाली डोकावले.

"ईश्वरी, मला पण बघायचंय."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी लई मोठ्या हाव. मावनार न्हाय." मग जरा विचार करून भिंतीकडे सरकली. "या. पन पाय बाहेर ठेवा."

मी पाय बाहेर ठेवले. बायका खदखदून हसल्या, त्यांना हसू दिलं. कुणीतरी दोरी ओढली आणि माळढोक आमच्यावरून गेला, पंख पसरून, मान ताणून, इंजिनाच्या धुरावरून आणि झोपडीवरून. गेला आणि परत आला. ईश्वरीच्या हातात कुठूनसा एक खडू आला होता आणि ती पाळणा जवळ येण्याची वाट बघत होती.

नाशिकला परतले तेव्हा जयंतने दारातच हात पुढे केले. मी त्यांत शेंगाचटणीचा डबा ठेवला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने चंडोलाकडे पाहिलं, नकाशा उलगडला, भोकातून बोट घालून बघितलं आणि तो नकाशा त्या नव्या खिळ्यावर लावून टाकला.

रात्री जेवताना, चटणीचा दुसरा घास घेत त्याने विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं मग?"

मला सांगता आलं नाही. नाव ठेवलं तेव्हा मी खाली होते.